घरात अढी न घालणारे गाव

करंजटेकडीच्या चर्चमागे एक बुटकी, बिनखिडकीची खोली आहे. वैशाखात तिचे दार उघडले की पिकत्या आंब्यांचा वास थेट एस.टी.च्या थांब्यापर्यंत येतो. सगळ्या गावाचे आंबे इथे एकाच गवतात पिकतात. घरात मात्र कोणीच अढी घालत नाही. पाहुण्यांना याचे नवल वाटते, मग शांतवन पारधे गुरुजी दाराची कडी काढून सालोमीबाईची हकिगत सांगतात. सालोमीबाई त्यांच्या आजीची आई.

सालोमीबाई दर रविवारी चर्चमध्ये मुलांना पवित्र शास्त्र शिकवी. अकरा वर्षे हा मान तिचा एकटीचा होता. मग धाकट्या दिराचे लग्न झाले आणि मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली कृपा जाऊ म्हणून घरात आली. कृपाला पेटी वाजवता येई. गळा असा, की आडावर गुणगुणली तरी बायका भरल्या घागरी तशाच ठेवून ऐकत. झाले! महिनाभरात पोरे सालोमीच्या चटईवरून उठून कृपाच्या पेटीभोवती बसू लागली. पाळकसाहेबांनी भर उपासनेत कृपाचे नाव घेतले. सालोमीच्या पोटात दुखू लागले ते तेव्हापासून. कृपाची भाकरी फुगली तरी हिला राग, आणि करपली तर, "बोर्डिंगात हेच शिकवत्यात वाटतं?" तेही सारे तिने गिळले असते. पण तिची सहा वर्षांची दीना एकदा काकूच्या मांडीवर झोपली, आणि आई उचलायला गेली तर झोपेतच काकूच्या पदराला घट्ट चिकटली. ते सालोमीच्या जिव्हारी लागले.

त्या वर्षी कृपाने पोरांना कबूल केले होते, की आपल्या अढीतला एकेक आंबा प्रत्येकाला देईन. पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. एके दिवशी कृपा आडावर गेलेली पाहून सालोमी तिच्या खोलीत शिरली आणि अढीवर तांब्याभर पाणी ओतून आली. तांब्याभरच, म्हणे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आंबे काळे पडून कुजले आणि पोरे रडली. "मीच कवळे उतरवले असतील," कृपा म्हणाली. सालोमीला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पुढच्या रविवारी धडा नेमका क्षमेचा आला. सालोमीला तो तोंडपाठ होता. "पोरांनो, अढी ठेवू नका. जिथं अढी, तिथं प्रभू पाऊल टाकत न्हाई. घरी जाऊन आधी अढी मोडा." ती मनातल्या अढीविषयी बोलत होती, पण 'मनातली' हा शब्द तेवढा राहून गेला. आणि वैशाखात पोरांना अढी एकच ठाऊक.

दुपारपर्यंत गावात एकही अढी शिल्लक राहिली नाही. घराघरांत गवत उधळलेले, आणि अर्धेकच्चे आंबे परकरांत, टोप्यांत, पाट्यांत भरून पोरे चर्चकडे पळत सुटलेली, मागून आया ओरडत. "बाईंनी सांगितलंय!" पोरे एका सुरात म्हणाली, तशी सारी मंडळी पोट धरून हसली. कृपा हसली नाही. ती गवताचे भारे आणून चर्चमागच्या खोलीत सगळ्या गावाची एकच अढी रचू लागली, आणि बघता बघता पोरे तिच्याभोवती गोळा झाली. आपल्या फजितीतही कौतुक तिचेच! सालोमीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात दीनाने तिचा पदर ओढला. "आई, काकूची अढी तर आधीच मोडली. म्हंजी प्रभू आपल्या आधी तिच्याकडं आला का?"

सालोमीला त्याचाही हेवा वाटला, असे सांगतात. प्रभूसुद्धा आधी तिच्याचकडे! मग आपण मनात काय आणले ते कळून ती घाबरली आणि उंबऱ्यावरच बसली. खरे बोलावे तर उरलीसुरली पोरेही चटईवरून उठणार, दीनासुद्धा. न बोलावे तर क्षमा शिकवायची कोणत्या तोंडाने?

"पोरांनो, काकूच्या अढीवर पाणी मी ओतलं," ती म्हणाली. "तीन दिस ओतलं."

कृपाचे हात गवतातच थांबले. "ठाऊक हाये, आक्का. गवत ओलं लागलं व्हतं हाताला." मग तिने हात गवतातून बाहेर काढले. "बोलले न्हाई, पर तुमचेबी आंबे नासावेत असं रोज वाटायचं. दीनाला तुमच्यासमोर मुद्दाम जवळ घेत व्हते मी."

पोरे एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे. सालोमी उठली, कृपाजवळ जाऊन बसली. "मला माफ कर गं," म्हणाली. "तुमीबी करा," कृपा म्हणाली. दोघींनी मिळून गावाचे आंबे लावले. आठ दिवसांनी अढी उघडली तेव्हा पहिला आंबा सालोमीने कृपाच्या हातात दिला. पुढच्या वर्षी कोणी घरात अढी घातली नाही, आणि सालोमीने पहिला आंबा पुन्हा कृपालाच दिला. असे मरेपर्यंत.

आजही अढी उघडते त्या रविवारी प्रत्येकाने पहिला आंबा, ज्याच्यावर मन जळते त्याच्याच हातात द्यायचा. कारण कोणी विचारत नाही. पोरे पटकन देऊन मोकळी होतात. मोठी माणसे मात्र आंबा हातात घेऊन बराच वेळ घुटमळतात. एकदा क्षमा झाल्यावर दर वर्षी पुन्हा कशाला, असे पाहुणे विचारतात. दीनानेही म्हाताऱ्या आईला हेच विचारले होते, म्हणे.

"अगं," सालोमी म्हणाली, "मला दर साली नव्यानं जळतं."