दोन गाड्या, एक डॅशबोर्ड

कोकणातल्या एका गावात दोन जुने मित्र राहत. एक भिकाजीपंत, दुसरे रघुनाना. तरुणपणी दोघांनी हौसेने एकाच कंपनीची, एकाच वर्षीची, दोनच माणसं बसतील अशी एकेक विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. पंतांची लाल, नानांची निळी. रंग सोडला तर दोन्ही गाड्या अगदी जुळ्या बहिणी. तरी कोणाची जास्त देखणी, हे भांडण सत्तरी उलटली तरी मिटलं नव्हतं.

नानांच्या गाडीचं इंजिन पुढे कायमचं बसलं. पंतांची गाडी मात्र ठणठणीत होती. पंत तिला लेकीसारखं जपत. फक्त एकदा, घाईघाईत, त्यांनी ती फणसाच्या झाडाखाली उभी केली. पिकलेला फणस काही कोणाची वाट बघत नाही. तो गाडीचं कापडी छत फाडून थेट डॅशबोर्डवर आदळला. स्टिअरिंगपुढची ती देखणी लाकडी फळी, जिच्यात वेगाचा आणि पेट्रोलचा काटा बसवलेला असतो, तिचे तुकडे झाले.

पंतांचं जेवणात लक्ष लागेना. कंपनीने तो डॅशबोर्ड बनवणं कधीच बंद केलं होतं. गावच्या सुताराने सागवानी फळी करून दिली, पण ती लावल्यावर गाडीत देव्हारा बसवल्यासारखं दिसू लागलं. आणि रत्नागिरीचा जुन्या गाड्यांचा मेळावा तर तोंडावर आलेला! यंदा तिथला चषक आपलाच, असं पंत गावभर सांगून बसले होते.

तसा डॅशबोर्ड आता जिल्ह्यात एकच उरला होता. तो होता रघुनानांच्या निळ्या गाडीत.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पंत पटाईत. नानांकडे जाऊन आधी हवापाणी झालं, मग त्या फणसाला शिव्या देऊन झाल्या. मग हळूच म्हणाले, “रघ्या, तुझ्या गाडीला वाळवी लागायची हो एखाद्या दिवशी. नुसती उभी असते बिचारी.”

नाना हसले. “भिक्या, डॅशबोर्ड हवाय ना? मग सरळ मागायला काय झालं? जा घेऊन.”

पंतांना आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. नाना शेजारी उभे राहून निघालेले स्क्रू वाटीत जमा करू लागले. फळी जवळजवळ सुटेपर्यंत संध्याकाळ झाली, तेवढ्यात नानांच्या पत्नी मथूवहिनी चहा घेऊन आल्या.

“थांब जरा,” नाना पंतांना म्हणाले. “आमची फिरायला जायची वेळ झाली.”

ते गाडीचं दार उघडून आत बसले. वहिनीही शेजारी जाऊन बसल्या. गाडी बंद पडल्यापासून हा दोघांचा रोजचा नेम होता, आणि पंतांना त्याचा पत्ताच नव्हता.

“आज कुठे?” नानांनी विचारलं.

“वेंगुर्ल्याला जाऊ या,” वहिनी म्हणाल्या. “पण कालच्यासारखी दामटू नका हो.”

“छे! आज हळूच नेतो. काटे ढिले आहेत ना.”

नानांनी स्टिअरिंग धरलं. लोंबत्या फळीतल्या वेगाच्या काट्यावर त्यांनी नजर लावली. वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून वहिनींनी डोक्यावरून पदर घेतला.

आता पंतांना उमगलं. फळी म्हणून आपण मागितली, ती या दोघांची रोजची संध्याकाळ होती. आणि नानाने ती हसत देऊ केली होती. पंतांना चषकही दिसत होता. एवढं गावभर सांगून बसलेला माणूस, त्याला तो सोडवतो थोडाच! ते वाटीतले स्क्रू उगाच चाळवत राहिले.

नाना ‘वेंगुर्ल्याहून’ परतल्यावर पंतांनी खिशातली मापाची टेप काढली, फळीला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “अरेच्चा! मेहनत फुकट गेली, रघ्या. माप जुळत नाही. तुझी फळी मोठी आहे.”

आणि ते एकेक स्क्रू परत घट्ट बसवू लागले.

जुळ्या गाड्यांची मापं वेगळी कशी असतील? ही थाप नानांना कळली नसेल होय? त्यांनी डोळे पुसले आणि वाटी पुढे धरली.

“असेल बाबा,” ते म्हणाले. “विलायती लोकांचं काही सांगता येत नाही.”

मेळाव्याला पंत सुताराचीच फळी लावून गेले आणि हात हलवत परत आले. वाईट वाटलं, नाही असं नाही. परतताना नानांचं अंगण लागलं. निळी गाडी नेहमीप्रमाणे जागच्या जागी फिरायला निघाली होती. पंतांनी हॉर्न वाजवला, आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हात करून त्या दोघांना पुढे जायला वाट दिली.

तात्पर्य: मित्र मन मोठं करून देतो, तेव्हा त्यातलं काय घेऊ नये हे घेणाऱ्याने स्वतःच ओळखावं.