डावा बूट

“पण त्या दिवशी माझ्यात नेमकं काय बघितलंत, वस्ताद?”

धैर्यशील निगडेने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्ताद चिंचेखालच्या तालमीच्या पायरीवर बसून सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.

पुसून झाला. चष्मा डोळ्यांवर चढला.

घाई धैर्यशीलला होती. सकाळी त्याच्या नव्या अकादमीत तेरा वर्षांखालच्या मुलांची निवड चाचणी झाली होती. पस्तीस मुलं मैदानात उतरली होती आणि जागा होत्या अठरा. संध्याकाळी सहाला फाटकावर यादी लावायची होती, आणि आता चार वाजत आले होते.

सतरा नावं भराभर लिहून झाली. अठराव्यापाशी पेन अडलं ते अडलंच.

हा धैर्यशील म्हणजे काही असातसा माणूस नव्हे. कोल्हापूरच्या याच पेठेतून निघून तो गोव्याला खेळला, कोलकात्याला खेळला, राज्याच्या संघाचा कप्तान झाला. त्याच्या डाव्या पायाची गोष्ट अजून चहाच्या गाड्यांवर निघते. तो स्वतःही ती सांगतो, आणि एकही सत्कार तिच्यावाचून कोरडा जाऊ देत नाही.

गोष्ट अशी. वस्तादांच्या काळी तालमीतल्या पोरांना फुटबॉलचे बूट कुठले मिळायला? मोठ्या संघाने टाकून दिलेले नऊ जोड वस्तादांनी मागून आणले, मोच्याकडून शिवून घेतले आणि एका पोत्यात भरून ठेवले. पोरं होती अठरा. मग वस्तादांनी एका जोडात दोघांना बसवलं. एकाला डावा बूट, दुसऱ्याला उजवा, आणि ज्याचा त्याचा दुसरा पाय अनवाणी.

तेव्हाचा चामड्याचा चेंडू जड असायचा. अनवाणी पायाने हाणला तर अंगठा सुजून यायचा. त्यामुळे ज्याच्या ज्या पायात बूट, तो त्या पायाने खेळायला शिकला.

“आणि माझी पाळी आली,” सत्काराच्या भाषणात धैर्यशील इथे आवाज जरा खाली आणायचा, “तेव्हा वस्तादांनी पोत्यात हात घालून नेमका डावा बूट काढला. एका नजरेत ओळखलं त्यांनी. डावा पाय शिकवून येत नाही. तो घेऊनच जन्माला यावं लागतं.”

मग टाळ्या पडायच्या. तीस वर्षं पडत होत्या.

आज त्याला तीच नजर हवी होती. उसनी मिळाली तरी चालणार होती, एका नावापुरती.

वस्तादांनी एवढंच विचारलं, की पोरं पारखलीस कशी.

धैर्यशील खुलला. पळायला लागणारा वेळ घड्याळावर मोजला, उडी मोजली, उंची मोजली, शंकूंच्या मधून चेंडू नेताना किती वेळा सुटला तेही टिपून घेतलं, असं त्याने सांगितलं. डावखुऱ्या मुलाला वरचे पाच गुण ठेवले होते. ती कल्पना त्याची स्वतःची होती आणि तिचं त्याला फार कौतुक होतं.

शिस्तीचंही त्याने सांगितलं. फाटक सातला बंद म्हणजे बंद. सव्वासातला एक पोरगं धापा टाकत आलं, गजाला धरून उभं राहिलं. त्याला आत घेतलं नाही. पुढच्या वर्षी वेळेवर ये, म्हणून सांगितलं.

“कुठनं आलतं?” वस्तादांनी विचारलं.

“ते नाही विचारलं.”

“बरं...” वस्ताद म्हणाले.

मग धैर्यशीलने पिशवीतून नव्या बुटांचा एक जोड काढला. एका कारखानदाराने अठरा जोड दिले होते, म्हणूनच जागा अठरा. बूट मऊ होते, निळे होते, आणि दोन्हींच्या नाड्या एकमेकींत बांधलेल्या होत्या. वस्तादांनी जोड हातात घेतला, वास घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

आतून कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीचा वास येत होता, ताक आणि हळद मुरलेला. धैर्यशीलने मोठा श्वास घेतला. जगात किती मैदानं पाहिली, पण हा वास कुठे म्हणून भेटला नाही. त्याचं मन एकदम भरून आलं, आणि आपण काय विचारायला आलो होतो ते क्षणभर तो विसरला.

“सद्या गुरव ध्यानात हाय?” वस्तादांनी विचारलं.

सद्याला तो कसा विसरेल? त्याच्या जोडातला उजवा बूट सद्याचा. खेळ संपला की दोघे नाड्यांना गाठ मारून जोड खांद्यावर टाकायचे आणि अनवाणी घरी निघायचे. एक आठवडा बूट निगड्यांच्या घरी, एक आठवडा गुरवांच्या. ज्याच्या घरी बूट, त्याने दोन्हींना तेल लावायचं. सद्या धैर्यशीलचा बूट नेहमी जरा जास्तच चोळायचा. आता दोन गल्ल्या सोडून त्याची पिठाची गिरणी आहे, आणि अकरा वर्षांत धैर्यशीलला तिकडे जायला सवड झालेली नाही. याची त्याला लाज वाटली.

“सद्या कुटल्या पायाचा?”

“उजव्या. म्हणून तर तुम्ही त्याला उजवा दिलात.”

वस्ताद गालात हसले.

“डावरं पोरगं ते. डाव्या हातानं जेवतंय म्हनून आईचा मार खायाचं.”

धैर्यशील बघतच राहिला. सद्याच्या उजव्या पायाचे गोल सगळ्या पेठेने पाहिले होते. त्याने स्वतः डावीकडून चेंडू उचलून द्यायचा आणि सद्याने उजवीकडून जाळ्यात घालायचा, हे अख्खी पाच वर्षं चाललं होतं.

“मग त्याला उजवा का दिलात?”

“सद्या पयला आला. पोत्यात हात घातला... उजवा लागला.”

चिंचेवरून एक वाळकी शेंग खाली पडली. वस्तादांनी ती उचलून बाजूला ठेवली.

पुढचा प्रश्न विचारू नये असं धैर्यशीलला वाटत होतं. तरी त्याने विचारला.

“आणि मला?”

“तू उशिरा आलास. सतरा पोरं बूट घिऊन मैदानात गेलती. पोत्यात एकच उरलता.”

“डावा.”

“डावा.”

धैर्यशीलने हसायचा प्रयत्न केला. वस्ताद चेष्टा करतात, असं तो म्हणाला. उशिरा आलेल्या पोरातही त्यांनी काहीतरी पाहिलंच असणार, एवढ्या वर्षांनी सगळं कुणाच्या ध्यानात राहतं, असंही तो म्हणाला. बोलता बोलता आपण विनवणी करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला.

“ध्यानात हाय की,” वस्ताद म्हणाले. “हातात दुधाची किटली हुती तुज्या.”

...

किटली म्हणताच सगळं परत आलं.

संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी यायच्या आणि तिथेच धार काढून दूध मिळायचं. आईने त्याला दुधाला पाठवलं होतं. म्हैस पान्हवत नव्हती, रांग हलत नव्हती, आणि लांबून तालमीतल्या पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्याचा जीव कासावीस झाला होता. शेवटी दूध घेऊन तो घरी गेलाच नाही, तसाच इकडे पळत सुटला. पोचला तेव्हा किटलीत निम्मं दूध उरलं होतं. वस्तादांनी किटली घेऊन याच पायरीवर ठेवली, वर एक ताटली झाकली आणि त्याच्या हातात बूट दिला.

आणि गटार. गटार तो कसं विसरला? गोलाच्या मागे उघडं गटार होतं. तो मुळात उजव्या पायाचा. डाव्याने मारलेला त्याचा चेंडू कुठेही जायचा, पण बहुतेक वेळा गटारातच जायचा. नियम असा, की ज्याने घालवला त्यानेच काढायचा. दोन महिने तो रोज गुडघाभर घाणीत उतरत होता, आणि पोरं त्याला गटार-कप्तान म्हणत होती. एका संध्याकाळी चेंडू पहिल्यांदा जाळ्यात गेला, तेव्हा सद्याने त्याला उचलून घेतलं होतं. त्याच्या अंगाला घाण लागली होती तरी उचललं होतं.

यातलं काहीच तो सत्कारात सांगत नसे. लपवत होता असं नाही. टाळ्यांच्या आवाजात ते कधी पुसून गेलं, त्यालाही कळलं नव्हतं.

आता त्याला वाईट वाटत होतं, कारण देवाने दिलेला पाय गेला होता. पण त्याच वेळी बरंही वाटत होतं. एवढी वर्षं जपलेलं ओझं कुणीतरी खांद्यावरून उतरवून घेतलं होतं. त्याने डोळे पुसले. वस्तादांनी तिकडे पाहिलं नाही.

“मी उशिरा आलो होतो, वस्ताद. मग हाकललं का नाहीत?”

“एक बूट शिल्लक हुता. पोत्याचं तोंड बांदलं न्हवतं.”



सकाळी गजाला धरून उभ्या राहिलेल्या त्या पोराच्या हातात काही होतं का, ते धैर्यशील आठवून पाहत होता. आठवेना. त्याने पाहिलंच नव्हतं.

पाच वाजले. त्याने खिशातून यादीचा कागद काढला आणि वस्तादांच्या पुढे धरला. सतरा नावं त्याने स्वतःच्या हिशेबाने लिहिली होती, आणि त्या हिशेबावरच आता त्याचा विश्वास उरला नव्हता. तासाभरात फाटकाशी सगळ्यांचे आईबाप उभे राहणार होते.

“काय करू, तुम्हीच सांगा. अठरावं नाव कुणाचं लिहू?”

वस्तादांनी कागद घेतला नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्यांच्या हातात ते पोतं होतं. जुनं, रिकामं, कडेला विरलेलं. त्यांनी ते पायरीवर झटकलं आणि शेजारी अंथरलं.

मग जोड पुन्हा मांडीवर घेऊन त्यांनी निळ्या बुटांच्या नाड्यांची गाठ सोडायला घेतली. गाठ नवी आणि घट्ट होती, बोटं म्हातारी होती. धैर्यशील मदतीला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. अखेर गाठ सुटली. एक बूट त्यांनी पायरीच्या या टोकाला ठेवला, दुसरा त्या टोकाला.

“असलं जोड किती म्हनालास?”

“अठरा.”

“आन् पोरं?”

“पस्तीस.”

वस्ताद बोटांच्या पेरांवर मोजू लागले. मोजणीत ते पहिल्यापासून सावकाश. धैर्यशीलचं मोजून कधीच झालं होतं. तरी तो वस्तादांच्या बोटांकडे बघत थांबला होता, लहानपणी थांबायचा तसाच.

शेवटच्या पेरावर अंगठा टेकला. वस्तादांनी पोतं उचलून त्याच्या हातात दिलं.

“एक बूट उरतोय,” ते म्हणाले. “पोत्याचं तोंड बांदू नगंस.”