वगळलेला पेपर

“सर, तुमचा पेपर मुख्य विषयात धरू, की वगळू?”

ओसरीवर टेकायच्या आधीच इंद्रजित भोईटेनं विचारलं. सय्यद सर शेंगा फोडत बसले होते. भूशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही पोरं प्रश्न घेऊन यायची आणि उत्तराआधी मूठभर शेंगा फोडायची, हा तिथला रिवाजच होता.

“अडलंय कुठं?”

“परदेशात प्रवेश हवाय. मुख्य विषयाची सरासरी आपणच काढून कळवायची. दहापैकी साडेआठ लागते. तुमचा पेपर सोडला तर बसते, धरला तर घसरते.”

“सोडता येतो?”

“गुणपत्रिकेत तो ऐच्छिक आहे. कोण बघतंय?”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

इंद्रजितची मान खाली गेली. त्या पेपरात अख्ख्या वर्गात सगळ्यात कमी गुण त्यालाच होते. त्याच पेपरासाठी खडकांचा नकाशा काढायला सरांनी घाटात नेलं, आणि हा पठ्ठ्या दिवसभर एकाच कड्यापाशी बसून राहिला. कागद कोराच. सरांनी ‘सी’ दिला, वर अवाक्षर नाही. त्यांनी एकदा तरी शाब्बास म्हणावं, ही आस त्याला तेव्हापासून लागलेली.

सरांनी कोनाड्यातला एक तांबडा खडा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

इंद्रजितनं तो सरळ जिभेला लावला. सरांनीच लावलेली सवय. खडा जिभेला चिकटला.

“माती आहे. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधली.” मग त्याचा आवाज उतरला. “त्याच कड्याची ना, सर?”

सर शेंगा फोडत राहिले...

“एक लाव्हा निवला, त्यावर माती धरली, मग दुसरा आला. मधे केवढा काळ गेला असेल... ते बघून हातच चालेना माझा. अजून जीव तिथंच अडकलाय. कुठंही असलो तरी वाटतं, उठावं आणि त्या कड्यापाशी जाऊन बसावं. म्हणून तर पुढं शिकायचंय.”

“हं...”

“सांगा ना, सर. वगळू?”

सरांनी खडा परत घेतला, सदऱ्याला पुसला, कोनाड्यात ठेवून दिला.

“वगळ की. पण त्या कड्यापाशी बसलेल्यालाच वगळलंस, तर मग तिकडं पाठवतोयस कोणाला?”