चौथा बोल्ट

"खरा सांगा उस्ताद, आता माका शिकवण्यासारख्या तुमच्याकडे काय उरला?"

हे विचारलं दिगू कुबलानं. तो होता धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या पोटात, गुडघ्यांवर, कोपरापर्यंत काळ्या तेलात. आवाज मात्र असा, की जणू लोडाला टेकून बसलाय.

वर फळीवर हुसैन होडेकर उस्ताद मांडी घालून बसले होते. या खाडीतल्या बोटींची इंजिनं त्यांनी चाळीस वर्षं जुळवली होती. आज ते चाकूनं लाकडाचा एक तुकडा तासत होते.



त्यांच्या शेडची एक रीत होती. उस्ताद आपल्या कमरेचा पाना ज्याच्या हातात देतील, त्यानं खुशाल वेगळी शेड टाकावी. त्याआधी कुणी नाही. दिगूला आठ वर्षं झाली होती. त्यानं मालवणात जागा बघितली होती, नावाची पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. पाना तेवढा बाकी होता.

"आज पानो देतलास मा?"

"आधी ह्या इंजिन भायर काढ."

दिगू हसला. हे कसलं काम! जुनं इंजिन धक्क्यावरच्या साखळीकप्पीनं उचलायचं, नवं आत सोडायचं. उचलण्याआधी त्याचा शाफ्ट सोडवायचा, एवढंच. शाफ्ट म्हणजे तो पोलादी दांडा. इंजिनापासून निघतो, बोटीच्या बुडातून आरपार जातो आणि बाहेर पाण्यात पंखा फिरवतो. इंजिनाशी त्याची गाठ चार बोल्टची.

दिगूनं असे तीन शाफ्ट सोडले होते, तेही बोट पाण्यात असताना. बोल्ट निघाले की दांडा बोटभर मागे सरकतो, ठक् असा आवाज होतो आणि तो थांबतो. काम फत्ते. ती ठक् त्याच्या चांगली ओळखीची होती. ती कशाची, हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

"दिगू..."

"काय?"

"मागे बघून इलस?"

"मागे काय बघूचा, उस्ताद? काम हय पुढे आसा."

पहिला बोल्ट निघाला. दुसरा निघाला.

"आणि तुमी काय करतास? नातवाक भवरो?"

उस्तादांनी तासलेलं लाकूड डोळ्यांसमोर धरलं. खाली निमुळतं, वर जाड. "भवरोच म्हण," ते म्हणाले, आणि त्याच्या टोकावरून आणखी एक साल काढली.

तिसरा निघाला. ओहोटी लागली होती आणि बुडाखालून पाणी ओढीनं मागे चाललं होतं.

चौथा बोल्ट निघाला. दिगूनं फटीत पेचकस घालून हिसका दिला.

दांडा सरकला. बोटभर... वीतभर...

ठक् झालंच नाही.

दांडा गेला! डोळ्यांदेखत पोलादाचा तो आख्खा दांडा बिळात साप शिरावा तसा सर्रकन गेला, आणि त्याच वाटेनं खाडी आत आली. बोंबलाएवढी जाड धार थेट दिगूच्या छातीवर आदळली. तो पाठीवर पडला. तोंडात खारं पाणी, हातात पेचकस, आणि आठ वर्षांचं शिक्षण कुठल्या कुठे पळालेलं.

"उस्ताद! पाणी! बोट बुडता, उस्ताद!"

त्यानं भोकावर तळवा दाबला. बोटांच्या फटींतून पाणी फवारलं. त्यानं दुसरा हात ठेवला, मग खांदा लावला. काळीज असं उडत होतं की आता तेही त्या भोकातून जाणार. नवं इंजिन, मालवणची शेड, रंगवलेली पाटी, सगळं त्याला पाण्याखाली दिसलं.

वरून एक हात खाली आला. त्यात तो भोवरा होता.

दिगूनं तो हिसकावला आणि निमुळतं टोक भोकात कोंबलं. अर्ध्यापर्यंत गेलं. तोच हात पुन्हा खाली आला, या वेळी ठोकायला काहीतरी जड घेऊन. दिगूनं न बघताच ते घेतलं आणि दोन्ही हातांनी घाव घातले. एक, दोन, तीन...

धारेचं पाझरणं झालं. पाझराचं थेंबावर आलं.

दिगू कमरेइतक्या पाण्यात बसून राहिला. दात वाजत होते, आणि वरती ऊन तर रणरणत होतं.

भोवरा भोकात नेमका बसला होता. मापाचा.

"तुमका... तुमका म्हायत होता!"

"होय."

"मगे सांगूक कशाक नाय?"

"इचारलंय तुका. मागे बघून इलस काय म्हणून."

दिगूनं धक्क्याकडे पाहिलं. तिथे बोटीचं सुकाणू आडवं पडलं होतं. बिजागऱ्या झिजल्या म्हणून त्यानंच ते काल उतरवून ठेवलं होतं. पंख्याच्या अगदी मागे असतं ते, बोटभर अंतरावर.

तीन वेळा तीच ठक्...

तीन शाफ्ट त्यानं थांबवलेच नव्हते. सुकाणूनं थांबवले होते. आणि तो मात्र पाटी रंगवून मोकळा झाला होता.

कपाळावरचं पाणी पुसायला त्यानं हात उचलला, आणि तेव्हा कुठे हातातलं हत्यार त्याला दिसलं. मुठीशी झिजून गुळगुळीत झालेला तो पाना. उस्तादांच्या कमरेचा.

चटका बसल्यासारखा त्यानं तो वर धरला.

"नको, उस्ताद. घेवा परत. माझी लायकी नाय. ऐन येळेक माझा डोक्याच बंद पडला."

उस्तादांनी चाकू मिटला. लुंगीवरच्या लाकडाच्या साली झटकल्या. पाना घ्यायला हात काही पुढे आला नाही.

"धर तो," ते म्हणाले. "माझ्या उस्तादान माका दिल्यान, तेवा माझ्या हातान बोट पुरी बुडली होती."