विंचू उतरवणारा धाकू भगत

एका गावात माणसांपेक्षा विंचू जास्त होते. गाव कोकणातलं, डोंगराच्या उतारावर, आणि शेजारीच जांभ्या दगडाची खाण. दगड उचलला की खाली विंचू, लाकडाची मोळी सोडली की आत विंचू. त्यामुळे त्या गावात धाकू भगताला फार मान होता. तो विंचू उतरवायचा.

कुणाला विंचू चावला की धाकू यायचा, कडुलिंबाचा डहाळा फिरवायचा आणि डोळे मिटून मंत्र सुरू करायचा. मंत्र किती वेळ चालणार हे ठरलेलं नसे. दुखणं तासाभरात थांबलं तर मंत्र तासाचा, तीन तास लागले तर तीन तासांचा. दुखायचं थांबलं की धाकू डोळे उघडून म्हणायचा, "उतरला." त्याच्या हातून न उतरलेला विंचू अजून कुणी पाहिला नव्हता.

लोकांचा विश्वास इतका वाढला, की आठ पायांचं काहीही दिसलं तरी ते धाकूला बोलवत. एकदा शाळेचे मास्तर जुनी पोथी चाळत होते. पानांतून तिळाएवढा किडा निघाला, पुढे दोन चिमटे उगारलेले. मास्तरांनी पोथी टाकली आणि विंचवाचं पिल्लू चावलं म्हणून बोट धरून बसले. धाकूने अर्धा तास मंत्र म्हटला.

तेवढ्यात खाणीवर दगड वाहणारी येसू तिथून चालली होती. तिने पोथीत डोकावून पाहिलं.

"मास्तर, याला शेपूटच नाही, मग नांगी कुठली? हा पोथीतली कसर खातो. राहू द्या त्याला."

"मग माझं बोट दुखतंय ते कसं?"

"भगत आले म्हणून दुखतंय," येसू म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

येसूने बारा वर्षं दगड उचलले होते. कोणत्या दगडाखाली कोण राहतं, हे तिला शेजाऱ्यांसारखं माहीत होतं. भिंतीला चपटा चिकटून काडीसारखे लांब पाय पसरणारा एक प्राणी होता. त्याला बघून लोक अंगणापर्यंत पळत, पण त्याच्याकडे ना नांगी, ना विष. वितीएवढा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचा डंख ठणकायचा आणि संध्याकाळपर्यंत निवायचा. गावात बहुतेक हेच काळे होते, आणि धाकूचा सगळा मान त्यांच्यावरच उभा होता.

मग डोंगराच्या वरच्या अंगाला नवी खाण सुरू झाली. तिथे पहिल्याच दिवशी येसूला दगडाखाली वेगळाच विंचू दिसला. ती तडक धाकूच्या घरी गेली.

"भगतबुवा, वरच्या खाणीत तांबडा विंचू आहे. करंगळीएवढा. माझ्या माहेरी त्याने एक धडधाकट माणूस नेला. तो कुणाला चावला तर मंत्रात वेळ घालवू नका, गाडी जुंपून बाजारगावच्या डॉक्टरकडे पाठवा."

धाकू हसला. "बाई, मी वितीएवढे उतरवतो. करंगळीला मंत्राची पहिली ओळ पुरे."

"आकारावर जाऊ नका. काळ्याचे चिमटे खेकड्यासारखे जाड, त्याची नांगी हलकी. याचे चिमटे बारीक, याचं सगळं बळ शेपटीत."

"मंत्राला जाड-बारीक कळत नाही," धाकू म्हणाला. ओसरीवर बसलेले लोक माना डोलवू लागले, आणि येसू उठून खाणीवर गेली.

पुढच्याच आठवड्यात धाकूने अंगणाला गडगा घालायला नव्या खाणीचे दगड मागवले. सकाळी तो स्वतःच दगड रचायला लागला आणि एका दगडाच्या भोकात त्याचा हात गेला. हात मागे घेतला तेव्हा बोटाला करंगळीएवढा तांबडा विंचू लटकत होता.

धाकूने विंचू झटकला आणि चपलेने मारला. पण पाव तासात त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या. इतक्या वर्षांत असा विंचू त्याने पाहिला नव्हता.

बातमी पसरली तसं सगळं गाव अंगणात जमलं. आज भगताचे उपकार फेडायचे, असं ठरवूनच लोक आले होते. मास्तर डहाळा घेऊन पुढे बसले. इतकी वर्षं ऐकून त्यांना मंत्र पाठ झाला होता.

"डागबां ईमरसु वेडपे लीरता," मास्तर खणखणीत आवाजात म्हणू लागले.

"मास्तर, मंत्र नको," धाकू कण्हला. "मला डॉक्टरकडे न्या."

मास्तरांनी लोकांकडे वळून पाहिलं. "विष डोक्यात चढलं. भगतांनीच सांगितलंय, विंचू चढला की माणूस मंत्र नको म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही. धरा रे पाय."

चौघांनी पाय धरले. मास्तरांनी आवाज चढवला.

एवढ्यात येसू आली. तिने मेलेला विंचू पाहिला, धाकूचा गार पडलेला हात पाहिला आणि ती त्याच्या कानाशी वाकली.

"भगतबुवा, माझं इथे कुणी ऐकणार नाही. ऐकतील तर तुमचंच ऐकतील. काय खरं ते तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा."

धाकूने डोळे उघडले. समोर सगळं गाव होतं, त्यात ज्यांचे विंचू त्याने उतरवले ती माणसं होती. बोललं तर वीस वर्षांचा मान जाणार होता. न बोललं तर तो स्वतः जाणार होता.

"ऐका," तो म्हणाला. "तो मंत्र नाही. ती मासळी आहे. लहानपणी आजीबरोबर बाजारात जायचो, तिथली नावं मी उलटी म्हणतो. विंचू तुमचे आपोआप उतरत होते. मला काही येत नाही. गाडी जुंपा."

मास्तर ओठांतल्या ओठांत मंत्र उलटून पाहत होते. "बांगडा… सुरमई… पेडवे… तारली…" त्यांचा चेहरा पडला आणि हातातला डहाळा खाली आला. पण ज्यांनी पाय धरले होते त्यांनीच धाकूला उचललं आणि गाडीत घातलं.

डॉक्टरांनी त्याला चार दिवस ठेवून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं त्यांनी येसूला सांगितलं.

धाकू परत आला तेव्हा लोकांनी महिनाभर त्याची यथेच्छ टर उडवली. त्याने ती मुकाट्याने सोसली आणि एक दिवस खाणीवर जाऊन येसूपुढे उभा राहिला.

"येसूबाई, मला विंचू शिकव."

येसूने पहिला दगड उलटला.

तेव्हापासून गावात कुणाला काही चावलं की धाकू आधी चावणारा बघतो. काळा असला तर घरच्यांना धीर देऊन सोबत बसतो. तांबडा असला तर काही न बोलता गाडी जुंपायला धावतो. पुढच्या वर्षी तांबडा विंचू तिघांना चावला. तिघं गाडीतून गेले आणि चालत घरी आले.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे येत नाही ते वेळेवर 'येत नाही' म्हणून सांगावं. फार उशीर केला, तर सांगायला तोंड उरत नाही.