खोडलेल्या नऊ जणी

"एकही जुळत नाही, आजा. मग यंत्र खोटं, की तुमची वही?"

प्रज्योत बोलला ते अंगणभर ऐकू गेलं. शिकलेला मुलगा. वर्षभर यल्लाप्पा हेळव्याच्या मागं हिंडून घराण्यांच्या वंशावळी शिकत होता. जिभेची धार तेवढी गेली नव्हती.

यल्लाप्पा बैलावर पाय गुंडाळून बसलेला. हेळवी दारात उतरत नाही. बसल्या जागेवरून तुमच्या सात पिढ्या म्हणून दाखवतो.

जोत्यावर तानूबाई. धरणानं गाव उठवलं, तेव्हा ही पोरवयाची. ट्रक अकरा वसाहतींना गेले. लग्न झालेली थोरली बहीण हौसा सासरच्यांबरोबर कुठल्या ट्रकात चढली, ते हिला आजवर कळलं नाही. आता दृष्टी चाललीय. दिसतंय तोवर आक्काचं तोंड बघायचं, एवढंच तिचं मागणं.

"काय काय घातलंस त्यात?" यल्लाप्पानं प्रज्योतच्या मांडीवरच्या संगणकाकडं बोट केलं.

"माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. एक जाळं तुमच्या वहीचं, एक अकरा वसाहतींतल्या घरांच्या याद्यांचं. यंत्र एकावर एक ठेवून बघतं."

"नावं?"

"तीच भानगड. हौसाचं नाव सासरी बदललेलं. बाप्यांच्या जागी नुसतं आबा, बापू, तात्या."

"मग नावं पूस."

"पुसली. तरी नाही."

"आणि माणसं किती पुसलीस?"

"वसाहतींतल्या नऊ बायका काढल्या. माहेरची एक रेघ नाही त्यांना. अर्धवट माहितीनं यंत्र बिघडतं, आजा."

"वाच त्यांची नावं."

प्रज्योतनं पहिलं नाव वाचलं आणि यल्लाप्पानं पाय सोडले. उतरला. अनवाणी धुळीत उभा राहिला, माहेर तुटलेल्या त्या लेकींसाठी हात जोडून.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी अंगणातल्या बायका एकेक करत उठल्या.

नऊ नावं त्यानं कशीबशी पुरी केली.

"यंत्राला धड घराणीच दाखवलीस व्हय?"

"हो."

"फाटकी दाखव."

आठवडाभर त्यानं तेच केलं. चांगल्या घराण्यांतली माणसं मुद्दाम खोडली, रेघा चुकवल्या, आणि हजारदा यंत्राला म्हणाला, आता ओळख. चुकलं की खरं दाखवलं. मग नऊ जणी परत घातल्या.

पुन्हा तेच अंगण. यंत्र एका ठिपक्यावर येऊन थांबलं.

सुभद्रा. माहेर कोरं. पण सासूची वहिनी तीच नवऱ्याची आत्या, आणि मधल्या दिराला मामाचीच मुलगी. वहीतल्या हौसाच्या सासरच्या गोतावळ्याशी गाठीला गाठ.

"शंभरात एकाहत्तर म्हणतंय," प्रज्योत हळू बोलला. "फोन लावू?"

त्यानं लावला आणि तानूबाईच्या हातात दिला. तिला बोलता येईना. नुसता श्वास.

पलीकडून म्हातारा आवाज आला.

"तानू हाईस का गं?..."

बैलसुद्धा हलला नाही.

प्रज्योतनं डोळे पुसले. "आजा, उरलेल्या आठ जणींना विचारत कुणीच आलेलं नाही. त्यांना ठेवायचं कशासाठी?"

यल्लाप्पानं वही काखेत मारली.

"तुझी आई त्यात न्हाई, म्हणून इचारतोस."