ओवी पंच्याऐंशी

एका गावात एक भोळा बाप होता. बाप नवाकोरा होता, पोरगी अजून पाळण्यात होती. भोळेपणा मात्र जन्मापासूनचा. त्याचं नाव हणमंत.

त्याची बायको सारिका. तिला एकच घोर लागला होता, पोरीच्या बारशाचा. तिच्या वडिलांनी, आबांनी, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बारशात जावयानं चारचौघांत हसं केलं ना, तर लेक आणि नात गाडीत घालून घेऊन येईन." आबा बोलतात ते करतात. 

आणि नेमका तेव्हाच हणमंताला खेळाचा नाद लागला.

मोबाईल दुरुस्तीवाला दिगू त्याचा दोस्त. दिगूच्या दुकानाच्या पायरीवर चार गडी आपापला मोबाईल घेऊन बसायचे आणि मिळून एकच खेळ खेळायचे. खेळ कुठल्याशा पोरांनी घरात बसून बनवलेला. त्यात मोठं राज्य, रान, डोंगर, राक्षस. वाटेल तिकडं हिंडा. पण एकट्यानं जिंकायचं काम नाही, चौघांनी मिळून लढायचं. एक गडी नोकरीला पुण्याला गेला, म्हणून हणमंताला घेतला. दुसरं कुणी मोकळंच नव्हतं.

पहिल्या दिवशी खेळानं नाव विचारलं. त्यानं लिहिलं हणमंत. खेळ म्हणाला, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

"आता रे दिगू?"

"पुढं आकडा लाव. नाव कुणी घेतलेलं असलं की आकडा लावायचा. मग पासवर्ड घालायचा. तो कुणाला सांगायचा नाही, बायकोलासुद्धा."

"असं होय? तसं आधी सांगायचं की!"

आणि तो झाला हणमंत चौऱ्याऐंशी.

खेळात पुढं एक झोपडी लागली. कोपऱ्यात मडकी. दिगू म्हणाला, "मडकं दिसलं की फोडायचं, आत सोनं असतं." हणमंतानं सगळी फोडली. खूश होऊन घरी आला. स्वयंपाकघरात सारिकाच्या सासूबाईंनी बारशाच्या जेवणासाठी म्हणून जपलेली लोणच्याची बरणी होती. हणमंतानं उचलली आणि आपटली.

खळ्ळकन आवाज झाला. पोरगी दचकून रडायला लागली. सारिका धावत आली, तर हा मधोमध बसून लोणच्यात सोनं शोधतोय.

"अहो, फोडतात का कधी? झाकण उघडायचं, आत बघायचं, परत झाकण घट्ट लावून ठेवायचं!"

"असं होय? तसं आधी सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी खेळात चौघांनी मिळून एक राक्षस लोळवला. राक्षसाच्या मागं खजिन्याची पेटी. ती एकदाच उघडते. हणमंत सगळ्यांच्या पुढं. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, परत झाकण घट्ट लावलं. पेटी नाहीशी झाली.

"हणम्या! अरे सोनं?"

"होतं की. भरपूर होतं. नीट झाकून ठेवलंय."

दिगूनं कपाळ बडवून घेतलं. "उचलायचं असतं रे! दिसेल ते उचलायचं आणि पिशवीत टाकायचं. कुणाचं का असेना!"

"असं होय? तसं आधी सांगायचं की!"

मग आला पोरीच्या डोसचा दिवस. सारिका लेकराला घेऊन उपकेंद्रात आत गेली. इंजेक्शन बघवेना म्हणून डोळे मिटून बसली. बाहेर हणमंत पिशवी घेऊन थांबलेला. बाहेर आली, तर पिशवी टम्म फुगलेली. त्यात सगळ्या बायांच्या चपला, कुणाची दुधाची बाटली, कुणाचं दुपटं, शिपायाचा डबा आणि सिस्टरबाईंची छत्री. बाया अनवाणी उभ्या राहून त्याच्या नावानं शिमगा करत होत्या.

सारिकानं एकेक चप्पल जिची तिला दिली. मान वर करायची सोय राहिली नव्हती. वाटेत म्हणाली, "आपलं नसेल त्याला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं आणि हात जोडायचे. एवढं तरी ध्यानात ठेवा."

"असं होय? तसं आधी सांगायचं की!"

त्याच संध्याकाळी खेळात दिगूचा गडी घायाळ होऊन पडला. दिगू ओरडतोय, "हणम्या, हात लाव! मला हात लाव, मी उठतो!" हणमंत लांब उभा. खेळात नमस्काराचं बटण होतं, ते दाबून त्यानं हात जोडले. राक्षसानं दिगूला खाल्लं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शेवटी राक्षस हणमंताकडं वळला. हणमंतानं त्यालाही नमस्कार केला.

"बैला!" दिगू किंचाळला. "पडलेल्या माणसाला बघत बसायचं नसतं! धावत जायचं, छाती दाबायची, हलवायचं, उठून उभा राहीपर्यंत सोडायचं नाही!"

"असं होय? तसं आधी सांगायचं की!"

बारशाच्या आदल्या दिवशी आबा जीप घेऊन आले. प्रवासानं दमलेले. जेवले आणि सोप्यात घोंगडं टाकून आडवे झाले. तेवढ्यात हणमंत दारात आला. बघतो तर काय, सासरे पडलेत! त्यानं धाव घेतली, छातीवर गुडघा ठेवला आणि गदागदा हलवायला लागला. "आबा, उठा! मी आलोय! सोडणार नाही!"

आबा उठले. मिशी थरथरत होती.

"सारिके, कपडे भर."

"आबा, उद्याचा दिवस," सारिका रडवेली होऊन म्हणाली. "फक्त बारसं होऊ द्या."

रात्रभर तिनं विचार केला. नवऱ्याला काहीच करू दिलं नाही, तर आबा म्हणणार बिनकामाचा. करू दिलं तर आणखी वाईट. एखादं काम असं पाहिजे, की ज्यात फुटण्यासारखं, उचलण्यासारखं, हलवण्यासारखं काही नाही. सकाळी तिनं त्याला बाजूला घेतलं.

"पोरीचं नाव मी मनात ठरवलंय. ओवी. सासूबाईंना कळलं तर वाद होईल, म्हणून कुणाला बोलले नाही. पाळण्यापाशी गेलं की तुम्ही शोभाक्काला हळूच सांगा, त्या कानात म्हणतील. एकच शब्द. म्हणा."

"ओवी."

"परत म्हणा."

"ओवी."

"आणि दुसरं काही करू नका."

"नाही करत."

बायका जमल्या. पाळणा सजला. घुगऱ्या वाटून झाल्या. आबा खुर्चीवर बसून जावयाकडं डोळे लावून होते. पोरीची आत्या शोभाक्का पाळण्याशी वाकली आणि भावाला म्हणाली, "हं, सांग रे."

हणमंत तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी आजी ओरडली, "ओवे! घुगऱ्या सांडू नको गं!" एक शेंबडी पोरगी पळत गेली. तिच्यामागं दुसरी बाई म्हणाली, "आमच्या ओवीला पण दे की मूठभर."

हणमंताला घाम फुटला. नाव आधीच घेतलेलं आहे! तेही दोघींनी! पण यावर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आधी सांगितलेलं होतं. तो अक्काच्या कानाशी लागला.

शोभाक्का त्याचीच बहीण. तिनं पाळण्यात तोंड घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुर्रर्र! ओवी पंच्याऐंशी!"

पाळणागीत म्हणणाऱ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"अहो, हे काय केलंत?" सारिका म्हणाली.

"अगं, चौऱ्याऐंशी माझा आहे."

एक बाई पदर तोंडात कोंबून हसली, मग सगळा मांडवच हसला. सासूबाई म्हणाल्या नाव बदला. शोभाक्का म्हणाली, कानात गेलेलं नाव माघारी निघत नसतं. आबांनी जीपची किल्ली उचलली.

सारिका लेकराला घेऊन मागच्या सीटवर बसली. डोळे पुसत होती. गाडी सुरू झाली आणि तेवढ्यात हणमंत पळत आला. धापा टाकत खिडकीला धरून उभा राहिला. सारिकाला वाटलं, आता तरी म्हणेल, जाऊ नकोस. एवढं जरी म्हणाला असता, तरी ती उतरली असती. आबांनीही गाडी थांबवून धरली.

हणमंत आत वाकला आणि हळूच म्हणाला, "अगं, नाव झालं. पण पोरीचा पासवर्ड राहिला की! तूच घाल एखादा. आणि मला सांगू नकोस हं."